बोटॉक्स, फिलर, बूस्टर: चेहऱ्यात नेमकं काय टोचतात?

तुळशीचं लग्न लागलं की ठाण्यात राम मारुती रोडवर संध्याकाळी चालायला जागा उरत नाही. साड्यांच्या आणि दागिन्यांच्या दुकानांच्या वरच्या मजल्यांवर आता स्किन क्लिनिकच्या पाट्याही दिसतात. मोबाइल उघडला की त्याच पाट्यांच्या जाहिराती येतात. नवरीसाठी पॅकेज, नवरीच्या आईसाठी पॅकेज, आणि हल्ली नवरदेवासाठीसुद्धा. बोटॉक्स, फिलर, स्किन बूस्टर, पीआरपी, ग्लो ड्रिप ही नावं त्यात एकाखाली एक छापलेली असतात. वाचणाऱ्याला वाटतं, ही एकाच गोष्टीची स्वस्त ते महाग अशी उतरंड असावी. बोलण्यातही सगळ्याला सरसकट ‘बोटॉक्स केलं’ म्हणतात. पार्लरमधल्या ‘हेअर बोटॉक्स’मध्ये तर बोटॉक्सचा थेंबही नसतो. केस मऊ करणारा तो एक लेप आहे.

प्रत्यक्षात ही इंजेक्शनं चेहऱ्याच्या वेगवेगळ्या थरांवर वेगवेगळी कामं करतात, आणि एकाचं काम दुसऱ्याला जमत नाही. पैसे भरण्याआधी प्रत्येकाबद्दल तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: ते कुठल्या थरावर काम करतं, किती टिकतं, आणि चुकलं तर परत काढता येतं का. पहिल्या दोन गोष्टी जाहिरातीत सापडतात. तिसरी विचारल्याशिवाय सहसा कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच आहे.

सुरकुती पडते कशी?

चेहऱ्यावर वर त्वचा, तिच्याखाली चरबीच्या छोट्या गाद्या, त्याखाली स्नायू आणि तळाशी हाड असतं. दंडाचा स्नायू हाडाला जोडलेला असतो. चेहऱ्याचे बरेचसे स्नायू मात्र दुसऱ्या टोकाला थेट त्वचेला चिकटलेले असतात. म्हणून कपाळाला आठ्या घातल्या की त्वचाच दुमडते.

वय वाढतं तसं प्रत्येक थरात काहीतरी घडतं. त्वचेतलं कोलॅजन, म्हणजे तिला ताठ ठेवणारं प्रथिन, कमी होतं. उन्हाने ते आणखी लवकर झिजतं. चरबीच्या गाद्या काही ठिकाणी आटतात, काही ठिकाणी खाली सरकतात. जबड्याचं आणि गालाचं हाडसुद्धा थोडं मागे हटतं. स्नायू मात्र त्याच जागी तीच घडी हजारो वेळा घालत राहतात.

कपाटात पैठणी वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली तर तिथे रेघ पडते आणि पुढे जरीचं कापड तिथेच चिरतं, म्हणून घरातल्या बायका अधूनमधून घडी मोडून दुसरी घालतात. सुरुवातीला साडी उलगडली की खूण नाहीशी होते. दहा वर्षांनी ती उलगडूनही दिसत राहते. त्वचेचंही तसंच होतं. आरशासमोर उभं राहून कपाळाला आठ्या घाला आणि मग चेहरा सैल सोडा. रेघ पूर्ण गेली तर ती फक्त हालचालीची आहे. चेहरा शांत असतानाही राहिली तर ती त्वचेत उतरलेली आहे. कुठलं इंजेक्शन उपयोगी पडेल आणि कुठलं नाही, याचा निम्मा निकाल इथेच लागतो.

बोटॉक्स: स्नायूपर्यंत निरोप पोचू न देणं

बोटॉक्स हे एका कंपनीच्या ब्रँडचं नाव आहे. आतलं औषध म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूने तयार केलेलं प्रथिन. मज्जातंतू स्नायूला ‘आवळ’ असा निरोप एका रसायनामार्फत देतो. हे प्रथिन मज्जातंतूच्या टोकात शिरून त्या रसायनाची सुटका रोखतं. निरोप पोचत नाही, स्नायू सैल राहतो, त्वचा दुमडत नाही.

याची सुरुवात सौंदर्यासाठी झालेली नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अॅलन स्कॉट यांनी ते तिरळेपणावर वापरलं. 1989 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिरळेपणा आणि पापण्या आपोआप घट्ट मिटणं या दोन आजारांसाठी त्याला मान्यता दिली. कॅनडात व्हँकुव्हरला जीन करुथर्स या नेत्रतज्ज्ञ पापण्यांच्या रुग्णांना हेच इंजेक्शन देत होत्या. भुवयांमधल्या आठ्याही त्याने जातात हे एका रुग्ण बाईंच्या बोलण्यातून त्यांच्या ध्यानात आलं. त्यांचे पती अॅलेस्टर त्वचारोगतज्ज्ञ होते. दोघांनी मिळून 1992 मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला आणि 2002 मध्ये भुवयांमधल्या आठ्यांसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. नंतर जुनाट अर्धशिशी आणि काखेतला अतिघाम यांसाठीही ते मान्य झालं.

चेहऱ्यावर ते मुख्यतः वरच्या भागात वापरतात: कपाळाच्या आडव्या रेघा, भुवयांमधल्या उभ्या आठ्या, डोळ्यांच्या कडेला हसताना पडणाऱ्या रेघा. दात खाण्याच्या सवयीने किंवा मुळातच जबड्याचा स्नायू जाड झाला असेल तर तिथेही देतात. तिसऱ्या ते पाचव्या दिवसापासून फरक जाणवू लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो आणि साधारण तीन ते चार महिने टिकतो. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उतरणाऱ्या घडीला मात्र बोटॉक्स सहसा चालत नाही. ती घडी बरीचशी गालाचा भराव खाली आल्याने पडते, आणि तिथले स्नायू सैल केले तर हसूच वाकडं होतं.

औषधाची बाटली एकदा जवळून बघा. छोटी काचेची बाटली रिकामीच आहे असं वाटतं. तळाशी पांढरट पापुद्र्यासारखा पातळ थर असतो, तेच औषध. डॉक्टर त्यात सलाईन घालतात, ते अलगद फिरवून विरघळवतात आणि इन्सुलिनच्या सिरिंजसारख्या बारीक सिरिंजमध्ये भरतात. 100 युनिटच्या बाटलीत अडीच मिली सलाईन घातलं तर दर 0.1 मिलीत 4 युनिट येतात. भुवयांमधल्या आठ्यांसाठी कंपनीच्या माहितीपत्रकात पाच जागी चार-चार, असे 20 युनिट सांगितले आहेत. सलाईन जास्त घातलं तर सिरिंज तितकीच भरलेली दिसते, पण युनिट कमी जातात, आणि डोळ्यांनी ते ओळखता येत नाही. म्हणून ‘कपाळाचे इतके रुपये’ असा भाव ऐकला की किती युनिट हे विचारलंच पाहिजे. शिवाय एका ब्रँडचं युनिट म्हणजे दुसऱ्याचं युनिट नव्हे. ज्या कामाला बोटॉक्सचे 20 लागतात त्याच कामाला डिस्पोर्ट या ब्रँडचे 50 सांगितले आहेत. दोन क्लिनिकचे भाव लावून पाहताना ब्रँड वेगळा असेल तर युनिटच्या आकड्यांची तुलना निरर्थक ठरते.

‘पण ते विष ना?’

हो, विष आहे. जगातल्या सर्वात जहाल विषांपैकी एक. बिघडलेल्या डबाबंद अन्नातून ते पोटात गेलं तर श्वासाचे स्नायू बंद पडून माणूस दगावू शकतो. ही शंका काढणाऱ्या आजीला वेड्यात काढू नका, तिचं बरोबर आहे. पण चेहऱ्यावर जाणारी मात्रा विलक्षण कमी असते. 100 युनिटच्या अख्ख्या बाटलीत प्रथिनाचं वजन जेमतेम काही नॅनोग्रॅम, आणि नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. योग्य मात्रेत, योग्य स्नायूत दिलं तर ते बहुतांशी तिथेच काम करतं.

धोका असतो तो बनावट किंवा बेहिशेबी मात्रेच्या औषधात. 2024 मध्ये अमेरिकेत अनेक राज्यांत बनावट किंवा संशयास्पद बोटॉक्स घेतलेल्या लोकांना विषबाधेसारखी लक्षणं झाली आणि काहींना रुग्णालयात ठेवावं लागलं. त्यातल्या अनेकांनी ते परवाना नसलेल्या व्यक्तीकडून किंवा घरी, स्पामध्ये टोचून घेतलं होतं. इंजेक्शननंतर गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर फोनवर सल्ला घेत बसू नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा.

सराईत हाताने दिलं तरी काही वेळा डोकं दुखतं, काळंनिळं पडतं, आणि क्वचित औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पसरून एक पापणी खाली येते. ती काही आठवड्यांत आपोआप वर येते. आता तिसरा प्रश्न: बोटॉक्स परत काढता येतं का? येत नाही. चेहऱ्यावरचा त्याचा परिणाम उलटवणारं औषध नाही. दिलासा इतकाच की ते स्वतःहून उतरतं. गरोदर बायकांनी, अंगावर पाजणाऱ्या आयांनी आणि मायस्थेनिया ग्रेव्हिससारखा स्नायूंच्या अशक्तपणाचा आजार असलेल्यांनी ते घेऊच नये.

फिलर: गेलेला भराव परत घालणं

फिलर स्नायूला हातही लावत नाही. जिथे भराव कमी झाला आहे तिथे तो भरतो: गाल, ओठ, हनुवटी, डोळ्यांखालचा खड्डा, नाकाशेजारची घडी. सध्या बहुतेक फिलर हायल्युरॉनिक अॅसिडचे असतात. नावात अॅसिड असलं तरी ते जाळणारं नाही. आपल्या त्वचेत, सांध्यांत, डोळ्यांत असणारी ती एक साखरेच्या जातीची लांब साखळी आहे आणि पाणी धरून ठेवणं हे तिचं काम. अंगातलं हायल्युरॉनिक अॅसिड शरीर झपाट्याने मोडतं आणि नवं बनवतं. फिलरमध्ये या साखळ्या एकमेकींना रासायनिक गाठी मारून जोडलेल्या असतात, म्हणून तो जेल सहा महिने ते दीड वर्ष टिकतो. ओठ सतत हलतात, तिथे लवकर विरतो. डोळ्यांखाली कमी हालचाल असते. तिथे त्याचे अंश काही वर्षांनंतरही एमआरआयमध्ये दिसल्याच्या नोंदी आहेत.

फिलर सीलबंद पाकिटात भरलेल्या सिरिंजमध्ये येतो. सिरिंज बहुधा एक मिलीची असते, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा. ‘एक सिरिंज’ ऐकून गाल फुगेल असं वाटतं. प्रत्यक्षात दोन्ही गालांत मिळून ती वाटली तर फरक हलकाच दिसतो. जेलचेही प्रकार आहेत. ओठांसाठी मऊ, हनुवटी आणि गालाच्या हाडावर घट्ट. घट्ट जेल डोळ्यांखाली वरच्या थरात घातला तर फुगवटा दिसतो, आणि त्वचा पातळ असेल तर निळसर छटा येते.

काळ्या वर्तुळांसाठी फिलर मागणाऱ्यांनी आधी एक गोष्ट घरीच करून पाहावी. खिडकीकडे तोंड करून, समोरून उजेड पडेल असं उभं राहा. नंतर डोक्यावरच्या दिव्याखाली आरसा धरा. समोरच्या उजेडात काळेपणा बराच कमी झाला तर ती खड्ड्याची सावली असण्याची शक्यता जास्त, आणि तिथे फिलर उपयोगी पडू शकतो. दोन्हीकडे सारखाच राहिला तर तो त्वचेच्या रंगाचा प्रश्न आहे आणि फिलरने जाणार नाही. आपल्याकडे घराण्यातूनच आलेली अशी वर्तुळं पुष्कळ दिसतात. गालावरच्या वांगालाही फिलर किंवा बोटॉक्सचा काही उपयोग नाही. वांगासाठी सनस्क्रीन आणि त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेलं मलम हाच सरळ रस्ता.

हायल्युरॉनिक अॅसिडचा मोठा फायदा म्हणजे ते विरघळवता येतं. हायल्युरोनिडेज नावाचं एन्झाइम टोचलं की जेल तुटून जातो. आकार बिघडला, गाठ झाली, नको वाटलं, तरी रस्ता उघडा राहतो. मधमाशी चावून जिवावर बेतणारी अॅलर्जी झाली असेल तर ते आधीच सांगा, या एन्झाइमचीही अॅलर्जी होऊ शकते.

सगळे फिलर असे नसतात. कॅल्शियम हायड्रॉक्सिलअॅपेटाइट आणि पॉलिलॅक्टिक अॅसिड असलेली इंजेक्शनं भरावापेक्षा शरीराला स्वतःचं कोलॅजन बनवायला उद्युक्त करतात. पॉलिलॅक्टिक अॅसिडला अमेरिकेत 2004 मध्ये पहिली मान्यता मिळाली ती एचआयव्हीच्या रुग्णांचे गाल खोल जातात त्यासाठी. योग्य हातात ही चांगली साधनं आहेत आणि जास्त टिकतात. पण ती हायल्युरोनिडेजने विरघळत नाहीत. गाठ झाली तर दुरुस्ती लांबते. कायमचा म्हणून दिला जाणारा फिलर, आणि विशेषतः पातळ सिलिकॉन, चेहऱ्यात घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. चेहरा पुढची तीस वर्षं बदलत राहतो, आत घातलेली वस्तू तशीच राहते, आणि ती काढायला सुरीच लागते. पहिल्यांदा फिलर घेणाऱ्याने हायल्युरॉनिक अॅसिडचाच घ्यावा.

चुकलं तर काय होतं, आणि घोडबंदर रोडचा प्रश्न

सूज, दुखणं, काळंनिळं पडणं हे बहुधा चार-आठ दिवसांत जातं. खरी भीती वेगळी आहे. चेहऱ्यात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं आहे. सुई नकळत धमनीत गेली आणि जेल आत शिरला तर पुढच्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडतो. त्वचा तिथे पांढरीफटक पडते, मग जाळीसारखी जांभळट होते, आणि बहुधा दुखणं नेहमीपेक्षा कितीतरी जास्त असतं. मात्र भूल मिसळलेल्या जेलमुळे दुखणं दबूही शकतं, म्हणून रंगाकडे लक्ष ठेवावं लागतं. अनुभवी डॉक्टर टोचताना मधूनमधून त्वचा बोटाने दाबून सोडतात. दाबलेली जागा पांढरी होते आणि दोनेक सेकंदांत रंग परत यायला हवा. वेळ लागला तर ते तिथेच थांबतात आणि हायल्युरोनिडेज भरपूर मात्रेत टोचतात. वेळेत झालं तर त्वचा वाचते. उशीर झाला तर ती मरते आणि व्रण राहतो.

नाक आणि भुवयांमधली जागा सर्वात जोखमीची. तिथल्या धमन्या डोळ्याच्या धमनीशी जोडलेल्या आहेत. जेल उलटा ढकलला गेला तर दृष्टी जाऊ शकते. हे फार क्वचित घडतं, पण जगभर अशा नोंदी आहेत आणि गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. डोळ्याच्या पडद्याला रक्त मिळालं नाही तर तास-दीड तासाच्या आत, कधी त्याहून लवकर, कायमची इजा होते.

आता संध्याकाळी सातला मानपाड्यातल्या किंवा घोडबंदर रोडवरच्या एखाद्या टॉवरमधल्या क्लिनिकमधून निघून मोठ्या रुग्णालयात पोचायला किती वेळ लागेल, याचा हिशेब ठाणेकराला शिकवायला नको. नवी मुंबईत पाम बीच रोडवर वाहतूक वेगाने धावत असली तरी तिथून बाहेर पडल्यावर वाशीचे सिग्नल आहेतच. म्हणून जिथे फिलर टोचणार त्याच खोलीत हायल्युरोनिडेज असायला हवं, फ्रिज उघडला की मिळेल असं. ‘लागलं तर मागवू’ हे उत्तर चालणार नाही. मी तर म्हणेन, क्लिनिक निवडताना हा एकच प्रश्न विचारायची परवानगी असेल तर हाच विचारा. ज्याला काम येतं तो डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही, उलट फ्रिज उघडून दाखवतो.

सुईशिवाय ओठ भरून देणारं ‘हायल्युरॉन पेन’ म्हणूनही काही विकलं जातं. ते दाबाने जेल आत ढकलतं, कुठे आणि किती खोल जाईल यावर ताबा नसतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2021 मध्ये त्याविरुद्ध जाहीर इशारा दिला. ऑनलाइन मिळतं म्हणून घरी वापरू नका.

स्किन बूस्टर, सॅमन आणि पीआरपी

स्किन बूस्टरमध्येही बहुधा हायल्युरॉनिक अॅसिडच असतं, पण पातळ, कमी जोडलेलं किंवा न जोडलेलं. ते आकार बदलत नाही. त्वचेत पसरून ओलावा आणि लवचीकपणा वाढवतं. प्रोफिलो हा त्यातला नावाजलेला ब्रँड. दोन मिलीची सिरिंज, चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला पाच जागी, महिन्याच्या अंतराने दोनदा. खोल रेघ किंवा खाली आलेला गाल यासाठी बूस्टर घेतला तर पैसे वाया जातील. कोरडी, निस्तेज, बारीक रेघांची त्वचा असेल तर फरक दिसतो, तोही बेताचा.

कोरियातून आलेली ‘सॅमन’ची इंजेक्शनं म्हणजे पॉलिन्यूक्लिओटाइड, सॅमन किंवा ट्राउट माशाच्या शुक्रपेशींतून शुद्ध केलेल्या डीएनएचे तुकडे. त्वचेची दुरुस्ती सुधारते असा दावा आहे. अभ्यास आहेत, पण छोटे. बोटॉक्स आणि हायल्युरॉनिक अॅसिडमागे जितका पुरावा आहे तितका इथे अजून नाही. माशाची अॅलर्जी असेल तर दूर राहा. शाकाहारी घरांतून नेहमी येणारा प्रश्नही इथेच मिटवू: सॅमनची इंजेक्शनं उघडच प्राणिज आहेत, सध्याचे बहुतेक हायल्युरॉनिक अॅसिडचे फिलर जिवाणूंच्या आंबवणीतून बनतात, आणि बोटॉक्सच्या बाटलीत मानवी रक्तातलं अल्ब्युमिन थोडं असतं.

पीआरपी म्हणजे तुमचंच रक्त काढून, यंत्रात फिरवून, प्लेटलेट जास्त असलेला भाग परत टोचणं. रक्त स्वतःचं म्हणून ते निर्धोक, असा समज आहे. तसं ते असतं, सुई आणि नळी नवी असेल तर. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या परवाना नसलेल्या एका स्पामध्ये असा फेशियल घेतलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं तिथल्या आरोग्य यंत्रणेने नोंदवलं आहे. तुमच्यासमोर सीलबंद नळी उघडा आणि तिच्यावर नाव लिहा, असं सांगायला संकोच करू नका.

हनुवटीखालची चरबी विरघळवणारं डिऑक्सिकोलिक अॅसिड हे आणखी एक वेगळं औषध. ते चरबीच्या पेशी फोडतं आणि गेलेल्या पेशी परत येत नाहीत. सूज चांगलीच येते, दिवसच्या दिवस राहते. गालात किंवा डोळ्यांखाली ते घेण्याचा विचारही करू नये.

ग्लो ड्रिप यात बसते का?

बसत नाही, पण पॅकेजमध्ये घुसवलेली असते म्हणून लिहितो. ग्लुटाथायोन शिरेतून दिलं की रंग उजळतो, असं सांगून ती विकतात. भारतात ग्लुटाथायोनच्या इंजेक्शनचा मान्य वापर यकृताच्या काही आजारांसाठी आहे, रंग उजळण्यासाठी नाही. फिलिपीन्समध्ये हे वेड मोठं होतं, तिथल्या औषध प्रशासनाने त्वचा उजळण्यासाठी ते शिरेतून देण्याविरुद्ध लोकांना सावध केलं आहे. शिरेतून गेलेलं औषध चेहऱ्यापुरतं राहत नाही, सगळ्या अंगात जातं, आणि तीव्र अॅलर्जी झाली तर काही मिनिटांत जिवावर येतं. लग्नाआधी मुलीला ‘जरा उजळ’ करायला आई-मावशीच क्लिनिकमध्ये घेऊन येतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सावळ्या मुलीच्या शिरेत सुई घालावी इतकं चुकीचं तिच्या रंगात काही नाही. ही ड्रिप घेऊ नका.

‘एकदा सुरू केलं की सोडता येत नाही’

हे खरं नाही. बोटॉक्स थांबवलं की स्नायू पूर्वीसारखे हलू लागतात आणि रेघा आधी होत्या तशा परत येतात. आधीपेक्षा वाईट होत नाहीत. चार महिने गुळगुळीत कपाळ बघायची सवय झालेली असते, म्हणून जुनी रेघ नवी वाटते. शरीराला त्याची चटक लागत नाही. मनाला लागू शकते, विशेषतः विशी-पंचविशीत, आणि ते गांभीर्याने घ्यायला हवं. तीन महिन्यांच्या आत पुन्हा टोचून घेऊ नये. वारंवार आणि मोठ्या मात्रेने क्वचित शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं आणि औषध चालेनासं होतं.

चेहरा पुतळ्यासारखा होतो, ही तक्रार बहुतेक वेळा मात्रेची असते. कपाळाचा स्नायू भुवया उचलून धरतो. तो पूर्ण झोपवला तर भुवया जड होतात, खाली येतात. कमी युनिटने सुरुवात करून दोन आठवड्यांनी थोडं वाढवता येतं. जास्त झालेलं कमी करता येत नाही. ओठ आणि गाल अनैसर्गिक दिसतात तेही बहुधा आधीचा फिलर शिल्लक असताना त्यावर पुन्हा पुन्हा भरल्यामुळे.

टोचायचं कोणी, आणि विचारायचं काय?

त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन. एमडी, डीडीव्ही, एमसीएच अशा पदव्या पाटीवर असतात. कॉस्मेटॉलॉजीचा आठवड्याचा कोर्स भिंतीवर फ्रेम करून लावला म्हणून कोणी डॉक्टर होत नाही. महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा आणि तो तपासून घ्या. पार्लरच्या ताई कितीही ओळखीच्या असोत, चेहऱ्याच्या धमन्या कुठून जातात हे त्या शिकलेल्या नाहीत, आणि काही बिघडलं तर त्यांच्या हातात औषध नाही.

पाकीट तुमच्यासमोर उघडायला सांगा. कंपनीच्या फिलरच्या पाकिटात बॅच क्रमांकाचे सुटे स्टिकर असतात. एक क्लिनिकच्या फाइलमध्ये जातो, एक तुमच्या कागदावर लावून घ्या. बिलावर ब्रँड, किती युनिट किंवा किती मिली आणि कुठे दिलं हे लिहून घ्या. सहा महिन्यांनी गाठ आली आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जावं लागलं तर आत काय आहे हे त्या कागदावरूनच कळेल. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, ओठावर वारंवार तापाचे फोड येत असतील, आधी कधी फिलर घेतला असेल तर न विचारताही सांगा. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

लग्न तोंडावर असेल तर

बोटॉक्स किमान महिनाभर आधी, म्हणजे परिणाम दिसून थोडी दुरुस्ती करायला वेळ उरतो. फिलरही तितकाच आधी, कारण सूज आणि काळंनिळं कोणाला चार दिवसांत जातं, कोणाला दोन आठवडे लागतात. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर सुईच्या जागी डाग मागे राहण्याची शक्यता गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त, तेही धरून चाला. बूस्टरचे दोन्ही डोस व्हायचे तर अडीच-तीन महिने आधी सुरुवात हवी. फिलरच्या आगेमागे दोन आठवडे दातांचं मोठं काम काढू नका. बोटॉक्सच्या दिवशी चेहरा चोळू नका, वाफ घेऊ नका, चार तास आडवं होऊ नका. ग्रहमखाला आणि हळदीला तर आत्या-मामी चेहऱ्यावर जोर लावून हळद चोळणारच. फिलर घेऊन दोन आठवडे झाले नसतील तर फक्त हलकं बोट लावा, असं त्यांना आधीच सांगून ठेवा.